गाडी सुरू होते, पण ओढत नाही : जुन्या मोटारसायकलींविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे १९६०च्या दशकातील, एका सिलिंडरची, ३५० सीसीची चार-स्ट्रोक मोटारसायकल आहे. इग्निशन कॉइल आणि पॉइंटचे (ठिणगीसाठी प्रवाह तोडणाऱ्या स्विचचे) आहे. गाडी दुसऱ्या किकला सुरू होते आणि सावकाश, ठोके मोजता येतील अशी जागेवर चालू राहते. परंतु ताशी ६० किलोमीटरच्या पुढे थ्रॉटल कितीही पिळला तरी वेग वाढत नाही आणि साध्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये यावे लागते. गेल्या वर्षभरात प्लग, कॉइल आणि कंडेन्सर बदलले, कार्बोरेटर दोनदा साफ केला, एक माप मोठा मेन जेटही (कार्बोरेटरमधील पेट्रोलचे मुख्य छिद्र) बसवून पाहिला. काहीच फरक पडला नाही. सायलेन्सरचा पाइप सिलिंडरजवळ निळा-जांभळा झाला आहे. आता सिलिंडर बोअर करून नवीन पिस्टन बसवण्याचा सल्ला मिळाला आहे. तो मानावा का?

उत्तर : आज तरी मानू नये. बोअर करणे, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करणे, हे परत फिरवता न येणारे काम आहे. एकदा काढलेला धातू पुन्हा येत नाही, आणि जुन्या इंजिनांसाठी ओव्हरसाइज पिस्टन ठरावीक मापांपर्यंतच मिळतात. सिलिंडरला उरलेली ही मापे म्हणजे गाडीचे उरलेले आयुष्य असते; केवळ संशयावरून त्यातले एक खर्ची घालू नये. शिवाय तुमच्या पत्रातील लक्षणे झिजलेल्या सिलिंडरची वाटत नाहीत. तसा सिलिंडर असलेली गाडी सुरू व्हायलाच त्रास देते, तेल पिते, निळसर धूर सोडते. तुमची गाडी दुसऱ्या किकला सुरू होते आणि धुराचा उल्लेख तुम्ही कोठेही केलेला नाही.

मला तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटली ती पाइपच्या निळेपणाची. त्याच्याकडे येईनच, पण त्याआधी ज्या तपासण्यांसाठी एकही बोल्ट सोडावा लागत नाही त्या उरकून घ्या. त्या इतक्या साध्या असतात की कोणी करत नाही आणि पुढचे महिने वाया जातात.

पहिली शंका वेगाच्या काट्यावरच घ्यावी. साठ वर्षांचा स्पीडोमीटर खरे सांगेलच असे नाही, आणि चाक किंवा टायर वेगळ्या मापाचे बसवलेले असेल तर तो चुकणारच. मोबाइलमधील जीपीएसवर वेग पडताळून पाहा. मग पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटचे दाते मोजून मूळ आकड्यांशी जुळवा. आधीच्या मालकाने इंजिन कमी फिरावे म्हणून पुढे मोठे स्प्रॉकेट बसवलेले असेल, तर निरोगी इंजिनही चौथ्या गिअरमध्ये चढ चढणार नाही. तुम्ही उंचावरच्या प्रदेशात राहत असाल तर तेही हिशेबात घ्या : समुद्रसपाटीपासून दर १००० मीटरला हवा विरळ होऊन इंजिनाची ताकद साधारण १० टक्क्यांनी घटते, आणि मुळात अठराएक अश्वशक्तीच्या इंजिनात तेवढी घट सहज जाणवते.

यानंतर गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने फिरवा. चेनचा नेहमीचा रोध सोडता ते मोकळे फिरले पाहिजे. ब्रेकचा शू घासत असेल तर दहा किलोमीटर चालवून आल्यावर ड्रमजवळ हात नेताच धग लागेल. पुढच्या चाकाचेही असेच पाहा. क्लच घसरतो का, हे पाहण्यासाठी वरच्या गिअरमध्ये कमी वेगात जाताना थ्रॉटल एकदम पूर्ण उघडा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मात्र तशीच राहिली, तर इंजिन ताकद देत आहे आणि क्लच ती वाया घालवत आहे.

आता थ्रॉटल. हवेचा फिल्टर काढा, इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्चचा उजेड टाका आणि मूठ पूर्ण पिळा. मुठीबरोबर वर-खाली होणारा पडदा, म्हणजे स्लाइड, मार्गातून पूर्णपणे वर गेली पाहिजे, तोंडातून पाहताना तिची खालची कड दिसता कामा नये. केबल बदलताना बाहेरचे आवरण किंचित आखूड आले, किंवा हँडल बदलून मुठीचा व्यास लहान झाला, तर मूठ शेवटपर्यंत पिळूनही स्लाइड पाऊण अंतरावरच थांबते. मोठा मेन जेट बसवून काहीच फरक न पडण्याचे हे एक कारण असू शकते. मेन जेटचा अंमल साधारण पाऊण थ्रॉटलपासून पुढे असतो. त्याखाली नीडल आणि नीडल-जेट, आणखी खाली स्लाइडचा तिरपा काप, आणि अगदी सुरुवातीला पायलट जेट. स्लाइड पाऊणच्या पुढे जातच नसेल तर कोणताही मेन जेट बसवा, इंजिनाला त्याचा पत्ताही लागत नाही.

त्यानंतर पेट्रोल. गाडी लीटरमागे ३० किलोमीटर देत असेल तर ताशी ८० किलोमीटरच्या वेगात तिला मिनिटाला सुमारे ४५ मिलीलीटर पेट्रोल लागते. चढावर पूर्ण थ्रॉटलला त्याच्या दुप्पट धरू. कार्बोरेटरला जाणारी नळी काढून ती मोजपात्रात सोडा आणि कॉक उघडा. इंजिन थंड असावे, जवळपास ज्योत किंवा ठिणगी नसावी आणि टाकीचे झाकण बंद असावे. मिनिटाला १५० ते २०० मिलीलीटर मिळाले तर चिंता नाही. हा प्रयोग तीन-चार मिनिटे चालू ठेवा, कारण झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले असेल तर पहिल्या मिनिटाला धार चांगली असते आणि मग टाकीत पोकळी तयार होऊन ती बारीक होत जाते.

इथपर्यंत सगळे ठीक निघाले, तर निळ्या पाइपकडे वळू. पाइप निळा पडतो तो धातू फार तापल्यामुळे, आणि तो तापण्याची मुख्य कारणे दोन : मिश्रणात पेट्रोल कमी असणे किंवा ठिणगी उशिरा पडणे. तुम्ही जेट मोठा करून पाहिला आहे. स्लाइड पूर्ण वर जात असेल आणि पेट्रोलची धार चांगली असेल, तर पहिले कारण बरेच मागे पडते. राहते ते टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ. त्यातही गाडी सहज सुरू होते, हळू चालताना उत्तम चालते आणि फेरे वाढले की दमते, या तीन गोष्टी एकत्र आल्या की माझा संशय सरळ ऑटो-अॅडव्हान्सच्या, म्हणजे ठिणगी आपोआप लवकर पाडणाऱ्या, यंत्रणेवर जातो.

कारण असे. सिलिंडरमधील मिश्रण पेटल्यावर त्याचा दाब वाढायला थोडा वेळ लागतो आणि तो वेळ इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर फारसा बदलत नाही. समजा हा वेळ ०.००२ सेकंद आहे. मिनिटाला १००० फेऱ्यांना तेवढ्या वेळात क्रँक १२ अंश फिरतो, ३००० फेऱ्यांना ३६ अंश. म्हणून फेरे वाढतील तशी ठिणगी लवकर पडली पाहिजे. या काळातील पुशरॉडच्या इंजिनांत पूर्ण अॅडव्हान्स सामान्यतः पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या ३० ते ३८ अंश आधी असतो, तर किक मारताना तो काही अंशांचाच असावा लागतो, नाहीतर किक उलटी फिरून पायाला बसते. पूर्वी हे काम चालक हँडलवरच्या छोट्या दांडीने हाताने करत असे. पुढे ते पॉइंटच्या कॅमखाली बसवलेल्या दोन वजनांकडे आले : फेरे वाढले की वजने स्प्रिंगांना ताणून बाहेर फेकली जातात आणि कॅम पुढे सरकवतात.

ही वजने अडकली तर गाडी कायमची किकच्या टायमिंगवर चालते. सुरू सुंदर होते, उभी छान राहते, पण वेगात मिश्रण इतके उशिरा पेटते की पिस्टन खाली निघालेला असतो आणि जळणाचा मोठा भाग पाइपात जातो. ताकद जाते ती तिथे, आणि पाइप निळा होतो तोही त्यामुळेच.

माझ्या हाताखालून अशीच एक गाडी गेली होती. पॉइंटची तबकडी काढल्यावर खाली वजने दिसली, जागच्या जागी, पाहायला अगदी व्यवस्थित. कॅम बोटांनी धरून फिरवून पाहिला तर तो हललाच नाही. वजनांच्या खुंट्यांवर कधीकाळी भरलेले ग्रीस वाळून जुन्या लाखेसारखे तपकिरी आणि कडक झाले होते, इतके की एका खुंटीची पातळ वॉशर नखाने सुटेना. केरोसिनमध्ये भिजवून, कापडाच्या पट्टीने खुंट्या पुसून, एकेक थेंब पातळ तेल दिल्यावर कॅम हाताने फिरू लागला आणि सोडताच स्प्रिंगांच्या ओढीने टक् असा मागे आला. तो ‘टक्’ तुम्हाला ऐकू आला पाहिजे. त्या गाडीलाही त्याआधी नवी कॉइल आणि नवा प्लग बसवलेला होता.

ही तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. कॅम त्याच्या नेहमीच्या फिरण्याच्या दिशेने बोटांनी वळवा. तो ठरावीक अंतर जाऊन थांबला पाहिजे आणि सोडल्यावर लगेच परतला पाहिजे. स्प्रिंगा सैल किंवा तुटलेल्या असतील तर उलटा दोष येतो : अॅडव्हान्स फार लवकर मिळतो, गाडी किकला झटके देते आणि चढावर ओढताना इंजिनातून टकटक येते. खात्री स्ट्रोब लाइटनेच (प्रत्येक ठिणगीबरोबर चमकणाऱ्या दिव्याने) होते. रोटरवर आणि केसवर पांढऱ्या रंगाच्या बारीक खुणा करून इंजिन हळूहळू ३००० फेऱ्यांपर्यंत नेले की खूण सरकताना डोळ्यांना दिसते. ६ व्होल्टच्या गाडीवर स्ट्रोबसाठी १२ व्होल्टची वेगळी बॅटरी लावावी लागते.

टायमिंग नव्याने बसवताना दोन चुका फार होतात. पहिली म्हणजे मॅन्युअलमधील आकडा नीट न वाचणे. काही मॅन्युअल वजने मिटलेल्या स्थितीतला आकडा देतात, काही पूर्ण अॅडव्हान्सचा. एक दुसऱ्याच्या जागी वापरला तर टायमिंग कित्येक अंशांनी चुकते. पूर्ण अॅडव्हान्सचा आकडा असेल तर वजनांमध्ये लाकडाची लहान पाचर घालून ती उघडी धरावी आणि मगच पॉइंट कधी उघडतो ते पाहावे. दुसरी चूक म्हणजे आधी टायमिंग बसवून नंतर पॉइंटचे अंतर ठीक करणे. क्रम उलटा हवा, कारण अंतर वाढवले की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग पुढे जाते, अंतर कमी झाले की मागे पडते. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते तसे अंतर आपोआप घटत जाते, म्हणजे हात न लावलेल्या गाडीचे टायमिंगही काळाबरोबर उशिरा होत जाते. बहुतेक अशा गाड्यांत हे अंतर ०.३० ते ०.४० मिलिमीटरच्या दरम्यान असते; तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या मॅन्युअलमधून घ्या आणि फीलर गेजने मोजा, अंदाजाने नको.

पिस्टनचे वरचे टोक शोधण्यासाठी प्लगच्या भोकातून सळई घालण्याची पद्धत प्रचलित आहे. प्लग तिरका बसवलेला असेल तर ती फसवते, आणि टोकाजवळ क्रँक बरेच अंश फिरला तरी पिस्टन जवळजवळ हलत नाही. त्याऐवजी क्रँकवर अंशांची तबकडी लावा, प्लगच्या जागी पिस्टनला अडवणारा थांबा बसवा, इंजिन एका दिशेने आणि मग दुसऱ्या दिशेने हलकेच थांब्यापर्यंत फिरवा. दोन्ही आकड्यांचा बरोबर मध्य म्हणजे वरचे टोक. याला अर्धा तास लागतो आणि तो सत्कारणी लागतो.

आता बोअरचा प्रश्न मोजमापाने निकालात काढू. इंजिन गरम करून, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून, काँप्रेशन गेज लावून काटा वाढायचा थांबेपर्यंत किक मारा. थ्रॉटल बंद ठेवला तर इंजिनाला हवाच मिळत नाही आणि चांगला सिलिंडरही वाईट दिसतो. अनेक बोअर या एका चुकीमुळे झाले असतील असे मला वाटते. साधारण ६.५ : १ या प्रमाणाच्या जुन्या इंजिनात १०० पीएसआयच्या (दाबाचे एकक) आसपासचा आकडा समाधानकारक मानतात. आकडा खूप कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा लक्षणीय वाढला तर गळती रिंगांजवळून आहे, तसाच राहिला तर व्हॉल्व्हजवळून. कॉम्प्रेसर असेल तर आणखी स्पष्ट उत्तर मिळते : काँप्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकावर पिस्टन ठेवून, गाडी गिअरमध्ये टाकून मागचा ब्रेक दाबून धरावा आणि प्लगच्या भोकातून हवा सोडावी. कार्बोरेटरच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि क्रँककेसच्या ब्रीदरमधून आली तर रिंगा. हा तिसरा आवाज स्पष्ट येईल आणि बोअरगेजने झीजही मोजली जाईल, तेव्हाच बोअर करायला हरकत नाही.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधले बारीक अंतर, मात्र आधी पाहा. अंतरच नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि दाब निसटतो. सायलेन्सरही विसरू नका. आतले बॅफल (आवाज दाबणारे भोकांचे पत्रे) गंजून तुटले आणि आडवे पडले, तर बाहेरून काही दिसत नाही आणि इंजिन वेगात गुदमरते. सायलेन्सर काढून रस्त्यावर थोडे अंतर जाऊन येण्याने एवढे कळते.

शेवटचे सांगायचे ते मेन जेटबद्दल. टायमिंग ठीक झाल्यावर मूळ मापाचा जेट परत बसवा, नाहीतर नव्या ताकदीबरोबर काळा धूर आणि काजळलेला प्लग मिळेल. मग पूर्ण थ्रॉटलला गाडी ओढत असताना मूठ किंचित मागे घ्या. तसे करताच गाडीने उचल घेतली तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे आणि जेट एक माप वाढवावा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा. तुम्ही वर्षभरात बदललेल्या भागांपैकी जुनी कॉइल जपून ठेवली असेल तर ती टाकू नका. बहुधा ती चांगलीच आहे.

प्रश्न : माझी २५० सीसीची दोन-स्ट्रोक गाडी हळूहळू मंद होत गेली आहे. आवाज दबल्यासारखा येतो, चढावर ‘डब-डब’ करत एक ठोका सोडून चालल्यासारखी वाटते आणि पांढरट धूर पूर्वीपेक्षा जास्त आहे. गिअरबॉक्समधील तेलही कमी होते, पण गाडीखाली थेंब पडलेला दिसत नाही.

उत्तर : तुमच्या पत्रात दोन वेगवेगळे दोष आहेत असे मला वाटते, आणि शेवटचे वाक्य त्यांतील एकाचे जवळजवळ पूर्ण निदान आहे. दोन-स्ट्रोक इंजिनात मिश्रण आधी क्रँककेसमध्ये ओढले जाते, त्यामुळे क्रँकच्या दोन्ही बाजूंची सील हवाबंद असणे हा त्या इंजिनाच्या श्वासाचाच भाग आहे. क्लचच्या बाजूचे सील कडक होऊन फुटले की क्रँककेस गिअरबॉक्सच्या बाजूचे तेल शोषून घेते. ते तेल जळून धुराबरोबर निघून जाते, म्हणून खाली थेंब दिसत नाही आणि पातळी मात्र उतरत राहते. दुसऱ्या बाजूचे, म्हणजे डायनामो किंवा मॅग्नेटोकडचे सील गेले तर तेलाऐवजी हवा आत येते. मग गाडी मूठ सोडल्यावरही फेरे लवकर उतरवत नाही आणि पिस्टन तापून जाम होण्याचा धोका असतो. एक सील जाते तेव्हा दुसऱ्याचेही वय तेवढेच असते. दोन्ही एकदम बदला. बदलल्यानंतर इनलेट आणि एक्झॉस्टची तोंडे बंद करून क्रँककेसमध्ये ६ पीएसआय इतकाच हलका दाब भरा. तो काही मिनिटे टिकला पाहिजे. उतरला तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे कोठे येतात ते पाहा.

आवाज दबणे आणि हळूहळू मंद होणे हे कार्बनचे लक्षण आहे, आणि जळणाऱ्या गिअर ऑइलने तो वेगाने साठतो. एक्झॉस्ट पोर्टच्या वरच्या कडेला कार्बनचा ओठ तयार होतो आणि सायलेन्सरच्या बॅफलची भोके बुजतात. या इंजिनात जळका वायू बाहेर पडण्यावरच नवे मिश्रण आत येणे अवलंबून असते. तो मागे राहिला की पुढचे मिश्रण पेटत नाही, आणि एक ठोका सोडून चालल्यासारखे वाटते ते म्हणूनच.

पोर्ट साफ करताना पिस्टन वर आणून त्याच्या अंगाने पोर्ट झाकून घ्या, म्हणजे खरवडलेला कार्बन आत पडणार नाही. स्क्रू-ड्रायव्हर वापरू नका. कठीण लाकडाची किंवा अॅल्युमिनियमची पट्टी घासून तिला धार करा, कारण पिस्टनवर पडलेला ओरखडा कार्बनपेक्षा महाग पडतो. लोखंडी बॅफल कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात साफ होतो, पण हातमोजे आणि चष्मा घालूनच हे करा आणि अॅल्युमिनियमचा कोणताही भाग त्यात बुडवू नका, तो विरघळतो.

आधी सील आणि मग कार्बन, हा क्रम ठेवा. सील तसेच ठेवून पोर्ट साफ केला तर पहिले काही दिवस गाडी उत्तम पळेल आणि तुमची समजूत होईल की काम झाले.

प्रश्न : माझी जुनी ५०० सीसी गाडी पहिली वीस-पंचवीस मिनिटे झकास चालते, मग तिची ताकद कमी होत जाते. दहा मिनिटे थांबवली की पुन्हा पूर्ववत. गॅरेजमध्ये नेल्यावर दोष कधीच दिसत नाही.

उत्तर : गॅरेजमध्ये दिसणार नाहीच, कारण तेथे पोहोचेपर्यंत किंवा तपासणी सुरू होईपर्यंत ती थंड झालेली असते. हे निदान रस्त्याच्या कडेला, ताकद गेलेल्या त्या दोन-तीन मिनिटांतच करावे लागते. प्लगचा पाना, एक चांगला प्लग आणि जाड हातमोजा बरोबर ठेवा.

ताकद जाऊ लागताच सुरक्षित जागी थांबा आणि प्रथम टाकीचे झाकण उघडा. हवा आत जाण्याचा ‘स्स्’ असा आवाज आला आणि झाकण सैल ठेवून गाडी परत ओढू लागली, तर दोष झाकणाच्या छिद्राचा आहे. आवाज नसेल तर दोन्ही ड्रम पाहा. ब्रेक तापून शू फुगले की चाक आणखी घट्ट होते आणि थांबून गार झाले की मोकळे होते. लक्षण अगदी तुमच्यासारखेच.

तेही नसेल तर ठिणगी. प्लग काढून, पण टाकीपासून आणि प्लगच्या भोकापासून दूर, हेडला टेकवून किक मारा. गरम असताना ठिणगी पिवळट आणि पातळ दिसली आणि थंड झाल्यावर निळी आणि खणखणीत झाली, तर कॉइल किंवा कंडेन्सर उष्णतेने दगा देत आहे. कंडेन्सर जात असेल तर पॉइंटच्या तोंडांवर ठिणग्या उडताना दिसतात आणि तोंडे लवकर जळतात. जुन्या मॅग्नेटोत कंडेन्सर आर्मेचरच्या आत बसवलेला असतो, त्यामुळे तो बाहेरून बदलता येत नाही; तो मॅग्नेटो पूर्ण खोलणाऱ्या जाणकाराकडेच द्यावा.

ठिणगी भक्कम असेल तर मात्र मला टॅपेटची काळजी वाटते. थंड असताना जेमतेम असलेले अंतर इंजिन तापल्यावर नाहीसे होते, व्हॉल्व्ह सीटवरून किंचित उचललेला राहतो आणि दाब निसटतो. त्याच जागी, गरम असतानाच, किक हळू दाबून काँप्रेशनवर उभे राहा. थंड असताना ती तुमचे वजन काही सेकंद धरत असेल आणि गरम झाल्यावर लगेच खाली जात असेल, तर उत्तर मिळाले. घरी येऊन इंजिन रात्रभर गार होऊ द्या, मॅन्युअलप्रमाणे अंतर ठेवा आणि ३०० किलोमीटर चालवून पुन्हा मोजा. शिसेविरहित पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या लोखंडी हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू खोल जातो आणि अंतर आपोआप घटत जाते. तुमचे अंतर पुन्हा घटलेले निघाले तर टॅपेट फिरवत बसण्यात अर्थ नाही. हेड उतरवून तेथे कठीण धातूची नवी सीट बसवून घ्यावी लागेल. तोवर लांबचा प्रवास टाळा, कारण पूर्ण न बसणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह फार दिवस न जळता राहत नाही.